साडेतीन मिलिमीटर

व्हायोलिन हाताशी असेल तर हा प्रयोग करून बघा. चारही तारा नीट लावून घ्या: सर्वांत जाड 'जी', मग 'डी', 'ए' आणि बारीक 'ई'. आता 'डी'च्या तारेवर पहिलं बोट ठेवून 'ई' हा सूर काढा आणि सोबत शेजारची 'ए'ची मोकळी तार वाजवा. दोन सुरांमधली थरथर थांबेपर्यंत बोट केसभर पुढेमागे करत राहा. जुळलं? बोट तिथेच राहू द्या. आता 'ए' सोडा आणि दुसऱ्या बाजूची 'जी'ची मोकळी तार घ्या. बोट तेच, सूर तोच, आणि चक्क बेसूर. 'जी'शी जुळवायचं तर बोट खुंट्यांच्या दिशेला मागे घ्यावं लागतं. किती? साडेतीन मिलिमीटर, किंवा त्याहून जरासं जास्तच.

यातली एकही जागा चूक नाही. 'ए'शी जुळणारा 'ई' मोकळ्या 'डी'शी कंपनांच्या ९:८ अशा प्रमाणात बसतो आणि 'जी'शी जुळणारा १०:९ अशा. दोघांमधला फरक ८१:८०, म्हणजे अर्ध्या स्वराच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतका. भरतमुनींच्या श्रुतिविचारातली प्रमाण श्रुती, म्हणजे सुरांमधला बारीक फरक मोजायचं माप, गणिताने मांडताना बहुतेक अभ्यासक याच आकड्याशी येऊन थांबतात. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, शहाणे साडेतीन. तेव्हा व्हायोलिनच्या विद्येचं मर्म साडेतीन मिलिमीटरमध्ये असलं तर मराठी वाचकाला नवल वाटू नये.

पाश्चात्त्य शास्त्रीय व्हायोलिनवादकाच्या शिक्षणाबद्दल बोलताना लोक बोटांच्या वेगावर बोलतात, रोजच्या तासांवर बोलतात. वेग येतो. तासही भरतात. पण वीस वर्षांत खरं शिकायचं असतं ते एवढंच, की आत्ता, या क्षणी, आपला सूर कोणाशी जुळवायचा आहे.

सुरुवात चार ते सात या वयात होते. वाद्य मापाचं मिळतं: सोळांश, अष्टमांश, पाव, अर्धं, पाऊण आणि मग पूर्ण. मूल हात लांब करून वाद्य धरतं, तेव्हा वाद्याच्या टोकाची गुंडाळी तळहातात सहज मावली आणि कोपर किंचित वाकलेलं राहिलं, तर माप बरोबर. पुढच्या दोन वर्षांत चालेल म्हणून मोठं घ्यायचं, ही कपड्यांची रीत इथे महागात पडते. ताणलेल्या हाताचं मनगट आत मोडतं आणि ती सवय सोडवायला पुढे वर्षं लागतात.

व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नाहीत. म्हणून शिक्षक फिंगरबोर्डवर रंगीत चिकटपट्ट्या लावतात. सोय चांगली, पण पट्टीची रुंदीच कधीकधी तीन-चार मिलिमीटर असते; आपला सगळा वाद तिच्याखाली झाकला जातो. शिवाय मूल डोळ्यांनी वाजवायला लागतं. पट्ट्या वर्षभरात निघाल्या नाहीत तर कान आळशी होतो. बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत वाद्याचं माप चार-पाच वेळा बदलतं, आणि प्रत्येक वेळी तारेची लांबी बदलल्यामुळे सगळी अंतरंही बदलतात. हाताने जागा पाठ केल्या असतील तर त्या मोडीत निघतात. कानाने केल्या असतील तर आठवड्याभरात नव्या मापावर बसतात. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मेस्त्री, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना आधी सोल्फेजो (स्वरांची नावं घेत सूर) गायला लावत आणि व्हायोलिन मागाहून देत, त्यामागचं शहाणपण हेच. तोंडाने जो सूर लागत नाही तो बोटाने कुठून लागणार? मुंबईच्या हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गोव्याचे इतके व्हायोलिनवादक आले, नोटेशन समोर ठेवलं की वाजवू लागत, त्याची मुळं त्या शाळांत होती.

आता डाव्या हाताचा हिशेब मांडू. पूर्ण मापाच्या व्हायोलिनची घोडीपासून खुंट्यांजवळच्या पट्टीपर्यंतची तार साधारण ३२५ ते ३२८ मिलिमीटर. पहिल्या बोटाच्या आसपास एक मिलिमीटर चुकलं तर सूर सहा सेंट हलतो (अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट). एक सप्तक वर गेलात की तोच मिलिमीटर जवळजवळ अकरा सेंटचा होतो. आणखी एक सप्तक वर, जिथे सोनाटांचे आणि कंचेर्टोंचे (एकलवादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनांचे) शेवट चमकतात, तिथे एकवीस सेंटचा. म्हणजे वरच्या टोकाला एका मिलिमीटरची चूक ही सबंध प्रमाण श्रुतीची चूक आहे. त्या उंचीवर अर्ध्या स्वराचं अंतर साडेचार मिलिमीटर असतं आणि बोटाची गादी त्याहून कितीतरी रुंद. त्यामुळे दुसरं बोट टेकवायचं तर पहिल्याला जागा सोडून उठावं लागतं. कणसूर हा शब्द मराठीत फार नेमका आहे. इथे शब्दशः कणाचाच मामला असतो.

हात खालून वर नेणं, म्हणजे शिफ्टिंग, ही या विद्येतली सर्वांत नाजूक कुसर. ती संथ गतीने पाहिली तर अशी दिसते. निघण्याआधी बोटाचा दाब इतका कमी होतो की तार फिंगरबोर्डवरून जवळजवळ सुटते. अंगठा बोटांबरोबर निघतो, किंवा त्यांच्याही आधी. उजव्या हाताने बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, त्या क्षणापुरता सावकाश आणि हलका केलेला असतो, घसरण ऐकू येऊ नये म्हणून. जुनंच बोट तारेवरून सरकत नव्या मुक्कामाच्या जवळ पोचतं, मग नवं बोट पडतं, आणि दाब सगळ्यात शेवटी येतो. बिघडतं ते बहुधा अंगठ्यामुळे: तो मानेला चिकटून राहतो, हात ताणला जातो, आणि सूर दरवेळी थोडा खाली पडतो. दुसरी चूक घाईची. वेळ कमी आहे म्हणून हात झेप घेतो आणि जागेच्या पुढे जाऊन आदळतो. उपाय उलटा आहे. आधीच्या सुराच्या शेवटातून वेळ चोरायचा आणि प्रवास सावकाश करायचा. सरावात घसरण मुद्दाम ऐकू येईल अशी वाजवतात, मुक्कामाला थांबतात आणि मोकळ्या तारेशी पडताळतात. शेफचिक या चेक शिक्षकाचे स्वाध्याय म्हणजे हेच, शेकडो ओळींत, संगीत म्हणावं असं त्यात काही नाही. आणि हे सगळं व्हायब्रेटोशिवाय. सुराला गोलाई देणारा तो झोका चुकीवर पांघरूणही फार छान घालतो.

उजव्या हाताला लोक कमी लेखतात. ज्याला आवाज म्हणतात तो सगळा उजव्या हातात आहे. बोचं वजन साठ ग्रॅमच्या आसपास, लांबी पाऊण मीटर, त्यावर घोड्याच्या शेपटीचे दीडशे ते दोनशे केस. राळ घासलेला केस तारेला पकडतो, ओढतो, सोडतो. 'ए'च्या तारेवर हे सेकंदाला ४४० वेळा घडतं. हाताच्या ताब्यात तीनच गोष्टी असतात: बोचा वेग, दाब, आणि घोडीपासूनचं अंतर. घोडीजवळ गेलात तर दाब जास्त आणि वेग कमी लागतो; लांब गेलात तर उलट. एक बदललं आणि बाकीची दोन तशीच ठेवली की आवाज एक तर चिरकतो नाही तर शीळ घालतो. गंमत अशी की बो फार दाबला तर सूरही किंचित उतरतो. डाव्या हाताची जागा अचूक असूनही माणूस बेसूर वाजतो आणि बिचारा डाव्या हाताला दोष देत बसतो.

मुठीजवळ बो जड असतो, टोकाला हलका. म्हणून मुठीकडून टोकाकडे जाताना तर्जनीचा भार वाढत जातो आणि परतताना करंगळीने वजन तोलायचं. आपल्या खर्जाच्या रियाजासारखा एक रियाज इथे आहे: एकाच बोमध्ये एकच सूर, आधी वीस सेकंद, मग तीस, मग साठ. साठ सेकंदांच्या बोमध्ये केस तारेवरून सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर सरकतात. हाताचा प्रत्येक कंप त्यात ऐकू येतो. दहा मिनिटं हे केलं की घाम येतो आणि बाहेरच्या खोलीतल्या माणसाला वाटतं, आज काहीच वाजवलं नाही.

पाठांचा क्रम दीडशे वर्षांत फारसा बदललेला नाही. क्रॉयत्झरचे ४२ स्वाध्याय, मग रोडचे २४ कप्रिस (कौशल्याची कसोटी पाहणाऱ्या छोट्या रचना), डोन्ट, आणि सगळ्यात वर पागानिनीचे २४, जे १८२० मध्ये छापले गेले. रोज पहिला तास आरोह-अवरोहांचा: आधी साधे, मग प्रत्येक सुरासोबत त्याचा तिसरा, सहावा किंवा आठवा सूर घेऊन जोड्यांत. दोन तारा एकदम वाजवताना सुरुवातीचा तो 'ई'चा पेच पावलोपावली उभा राहतो, म्हणून या जोड्या म्हणजे बोटांच्या कसरतीइतकीच कानाची परीक्षा. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बर्लिनमधल्या अभ्यासात संगीत अकादमीचे सर्वोत्तम विद्यार्थी अठराव्या वर्षापर्यंत सरासरी ७,४०० तास एकट्याने सराव करून बसलेले आढळले, तर शिक्षक होऊ पाहणारे ३,४००. त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र कोणी सांगत नाही: उत्तम वादक सलग चार तास घासत नव्हते. तास-दीड तासाच्या बैठका, मध्ये विश्रांती, आणि दुपारची झोप. मान, खांदा आणि डाव्या हाताची करंगळी यांच्या दुखण्यांनी बऱ्याच कारकिर्दी अर्ध्यात संपतात. दुखत असताना वाजवणं हा निर्धार नव्हे, तो निव्वळ निष्काळजीपणा.

मुंबई-पुण्यातल्या पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. लंडनच्या मंडळांच्या आठव्या ग्रेडची परीक्षा उत्तम गुणांनी झाली म्हणजे मूल वादक झालं, असा समज आहे. परदेशातल्या चांगल्या कॉन्झर्व्हेटरीच्या, म्हणजे संगीत महाविद्यालयाच्या, दारात आठवी ग्रेड म्हणजे बालवाडीचा दाखला. तिथे प्रवेशाला पागानिनीचा एखादा कप्रिस, बाखच्या एकट्या व्हायोलिनसाठीच्या सोनाटा-पार्टितांमधले दोन भाग आणि एखाद्या मोठ्या कंचेर्टोचा पहिला भाग सर्रास मागतात. आणि हे मागतात ते सतरा-अठरा वर्षांच्या मुलाकडे.

शिक्षकाचं घराणं इथेही पाहिलं जातं. सेंट पीटर्सबर्गला लेओपोल्ड आउअर यांच्या वर्गातून हायफेट्झ, एल्मन आणि मिल्श्टाइन निघाले. हायफेट्झ न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पहिल्यांदा उभा राहिला २७ ऑक्टोबर १९१७ रोजी, तेव्हा सोळा वर्षांचा होता. पुढच्या पिढीत हा मान तबरीझला जन्मलेल्या इव्हान गालामियान यांच्याकडे आला. पर्लमन आणि झुकरमन हे त्यांचे शिष्य. मुंबईचे मेहली मेहता, झुबिन मेहतांचे वडील, १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा करून झाल्यावर, प्रौढ वयात, संसार मुंबईत ठेवून याच गालामियान यांच्याकडे शिकायला न्यूयॉर्कला गेले. कीर्ती झाल्यावर पुन्हा क्रॉयत्झरचा पहिला पाठ काढून बसायला वेगळी छाती लागते.

शिक्षण संपलं की वाटा फुटतात, आणि सूर कोणाशी जुळवायचा याचं उत्तर प्रत्येक वाटेवर बदलतं.

एकलवादकाची वाट स्पर्धांमधून जाते. ब्रसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ स्पर्धेत अंतिम फेरीतल्या वादकांना आठवडाभर बाहेरच्या जगापासून तोडून ठेवतात आणि कधीही न वाजलेल्या एका नव्या रचनेचं नोटेशन हातात देतात. शिक्षक नाही, फोन नाही. १९३७ च्या पहिल्या स्पर्धेत दाविद ओइस्त्राख जिंकले. जिंकून मिळतं ते मुख्यतः दोन-तीन वर्षांचे कार्यक्रम. ते निभावायला दहा-बारा कंचेर्टो कायम हातात तयार लागतात, कारण वाद्यवृंदाबरोबर तालमी मिळतात दोन, कधी एकच.

रंगमंचावरची अवघड जागा कुठली विचाराल तर पुष्कळ जण बेटहोव्हनच्या कंचेर्टोतला प्रवेश सांगतील. १८०६ ची ही रचना. वाद्यवृंद ८८ मात्राखंड एकटाच वाजवतो, तीन मिनिटांहून जास्त. एकलवादक नुसता उभा. हात गार पडत जातात. दिव्यांच्या उष्णतेने व्हायोलिनच्या तारा उतरतात आणि त्याच उष्णतेने बासऱ्या-ओबोंचा सूर चढतो. म्हणजे दोघंही एकमेकांपासून उलट दिशेला चाललेले. मग एकोणनव्वदाव्या मात्राखंडात तुटक अष्टकांची (एक सूर आणि त्याचाच वरच्या सप्तकातला सूर, आळीपाळीने) शिडी, खालून वर, बाकी जवळजवळ सगळं शांत. प्रत्येक पायरीवर पहिलं आणि चौथं बोट यांच्यामधलं अंतर कमी होत जातं आणि ऐकणाऱ्यापासून लपवण्यासारखं काहीच नसतं. अनुभवी वादक त्या तीन मिनिटांत डाव्या हाताने तारा चाचपून पाहतात, वाद्यवृंदाच्या एखाद्या जोरकस जागेत हळूच लावूनही घेतात, आणि चढलेल्या ओबोकडे कान ठेवतात. आता जुळवायचं आहे ते त्याच्याशी. घरी पडताळलेल्या जागा घरी राहिल्या.

वाद्यवृंदातली नोकरी हवी असेल तर परीक्षा पडद्याआडून होते. अनेक ठिकाणी पावलांच्या आवाजावरून बाई की बुवा हे कळू नये म्हणून गालिचा अंथरतात. आधी मोझार्टच्या कंचेर्टोचा पहिला भाग. दिसायला सोपा, म्हणून निवडलेला. मग वाद्यवृंदाच्या साहित्यातले तुकडे: रिचर्ड श्ट्राउसच्या 'डॉन हुआन'चं पहिलं पान, शूमानच्या दुसऱ्या सिम्फनीतलं स्केर्ट्सो, मेंडेल्सझोनचं स्केर्ट्सो. प्रत्येकी मिनिटभर. लय एका जागी ढळली की "धन्यवाद". निवड झाली तरी आधी काही महिने ते वर्षभर पारखणी. पंधरा वर्षं 'आपला आवाज' घडवलेल्या माणसाला आता सोळा जणांत विरघळायचं असतं. शेजाऱ्याइतकाच बो, शेजाऱ्याइतकाच झोका. प्रेक्षकांच्या बाजूचा वादक वाजवत राहतो, आतल्या बाजूचा पान उलटतो आणि बोच्या खुणा पेन्सिलीने लिहितो. स्वतःचा आवाज वेगळा ऐकू आला तर समजावं, काहीतरी चुकतंय. मुंबईत एनसीपीए या कलासंस्थेत २००६ साली कझाक व्हायोलिनवादक मारात बिसेनगालियेव्ह यांच्या पुढाकाराने सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला, तेव्हा खुर्च्या भरायला कझाकस्तानातून वादक आणावे लागले. प्रतिभा इथेही होती. विरघळण्याची ही तालीम देणारी जागा नव्हती.

वाद्याची निगा हा वेगळाच संसार, पण मुंबईकर वादकासाठी दोन शब्द. पावसाळ्यात लाकूड फुगतं: खुंट्या अडकतात, सरसाचे सांधे सुटतात, आणि पोट व पाठ यांच्या कडेने वाजवताना बारीक कर्कर ऐकू येते. टकटक करत कडेने फिरलात तर पोकळ आवाजावरून सुटलेली जागा सापडते. ती घरच्या फेव्हिकॉलने चिकटवू नका. सरस पुन्हा सोडवता येतो, फेव्हिकॉल लाकूड घेऊन निघतो. घरी गेल्यावर बो सैल करा. चारही तारा एकदम काढू नका, आतला आधाराचा दांडा पडतो आणि घोडीही. सारखं लावत राहिल्याने घोडी हळूहळू फिंगरबोर्डकडे झुकते. महिन्यातून एकदा ती दोन्ही हातांनी धरून सरळ करायची.

आता चौकडी, म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेट. पैसा इथे सर्वांत कमी, आणि जाणकारांच्या मते विद्या सर्वांत जास्त. दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो. चौघांनीही आपापल्या तारा शुद्ध पंचमात लावल्या तर काय होतं पाहा. चेलोची सर्वांत खालची मोकळी 'सी' आणि व्हायोलिनची मोकळी 'ई' एकत्र वाजवली की कान किटतो. 'सी'पासून 'जी', 'डी', 'ए', 'ई' असे चार शुद्ध पंचम चढत गेल्यावर येणारा 'ई' हा 'सी'च्या शुद्ध गंधारापेक्षा बरोबर ८१:८० ने चढा असतो. पुन्हा तेच. म्हणून चौकड्या कार्यक्रमाआधी पंचमांचं अंतर जरासं कमी ठेवून तारा लावतात. चेलो आणि व्हायोला आपली 'सी' किंचित चढी ठेवतात. सगळा फरक मात्र त्याने भरून निघत नाही.

मग तालमीत असं दिसतं. सी मेजरच्या एका लांब कॉर्डपाशी, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या समूहापाशी, चौघं थांबतात. चेलोवाला 'सी' धरून ठेवतो. पहिला व्हायोलिनवादक मोकळी 'ई' वाजवतो, मान हलवतो. मोकळ्या तारेला बोट नाही, ती सरकवणार कुठून? तो ती तार सोडतो आणि तोच 'ई' खालच्या 'ए'च्या तारेवर चौथ्या बोटाने घेतो. चेलोकडे बघत करंगळी मागे घेत जातो. थरथर मंदावते, थांबते. दुसरा व्हायोलिनवादक पेन्सिल उचलून त्या स्वरावर चारचा आकडा लिहितो. तारेवर तिथे अंतर कमी होतं: पावणेतीन मिलिमीटर.